हँडल उचलूनही हात सुन्न पडतो? आधी डावा फूटपेग बघा

दीड वर्षात मोटरसायकलच्या हँडलवर मी चार वेळा काम केलं. प्रत्येक वेळी दोन-तीन आठवडे बरं वाटलं आणि मग पुन्हा तेच. नागपूरहून काटोल रोडने निघून फेटरी मागे पडली की डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर व्हायला लागायचं. पुढे संत्र्याच्या बागांमधल्या पांदणीत, म्हणजे शेतातल्या कच्च्या वाटेत, शिरून उभ्याने गाडी चालवली की दहा मिनिटांत कंबर भरून यायची, तीही डावीकडेच जास्त. घरी आल्यावर पाण्याचा तांब्या उचलताना पकड सैल वाटायची.

गाडी 200 सीसीची आहे, पुढे 21 इंची चाक. माझी उंची 5 फूट 10 इंच. आधी जाड ग्रिप बसवल्या, मग जेलचे हातमोजे घेतले, मग 30 मिलीमीटरचे रायझर लावून हँडल वर नेलं आणि शेवटी हँडल पुढे-मागे फिरवून बघितलं. दुखतं हातात, म्हणून उपायही हातापाशीच शोधत राहिलो. दोष निघाला पायाखाली, डाव्या फूटपेगमध्ये, म्हणजे पाय ठेवायच्या दांडीत. तिथपर्यंत पोचायला दीड वर्ष लागलं. तुमचं तेवढं जाऊ नये म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

आधी दुखणं नीट वाचा

रस्त्यावर गाडी बसून चालवतो तेव्हा बहुतेक भार सीटवर असतो. ऑफरोडला उभं राहिलं की तो सगळा पायांवर जातो, म्हणजे जायला हवा. हातांनी हँडल फक्त धरायचं आणि वळवायचं. अंगाचा तोल पेगवर बसत नसेल तर उरलेला भार हातांकडे येतो. पुढे झुकलेलो असू तर आपण हँडलवर रेलतो, मागे पडत असू तर हँडलला लटकतो. या दोन्हींची दुखणी वेगळी असतात.

रेलणाऱ्याचा तळवा दुखतो. करंगळीच्या बाजूला तळव्याच्या बुडाशी अल्नर नर्व्ह ही नस त्वचेच्या बरीच जवळून जाते. तिथे सतत दाब आला की करंगळी आणि अर्धी अनामिका बधिर होते. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट सुन्न पडत असेल तर संशय मनगटावर घ्या. मनगट वर किंवा खाली मुडपलेलं राहिलं की त्याच्या मधून जाणारी मिडियन नर्व्ह दाबली जाते, आणि याचं कारण बहुतेकदा क्लच-ब्रेकच्या लिव्हरच्या कोनात सापडतं. लटकणाऱ्याला बधिरपणा कमी जाणवतो. त्याचा कोपराखालचा हात दगडासारखा कडक होतो आणि क्लच दाबायला बोटं उघडत नाहीत.

याहून महत्त्वाचा प्रश्न म्हणजे दुखणं दोन्ही बाजूंना सारखं आहे की एकाच बाजूला? सारखं असेल तर उंची आणि अंतर बघा. एकाच बाजूला असेल तर गाडीत काहीतरी वाकलंय, झिजलंय किंवा फिरलंय. माझं मुख्य दुखणं पहिल्या दिवसापासून डावीकडेच होतं. हा प्रश्न मी स्वतःला तेव्हाच विचारला असता तर बराच त्रास आणि रायझरचे पैसे वाचले असते.

उभं राहून बघायची परीक्षा

पाना हातात घेण्याआधी हे करा. गाडी मेन स्टँडवर किंवा मागचं चाक उचलणाऱ्या पॅडॉक स्टँडवर सपाट फरशीवर लावा आणि पुढून एका माणसाला धरायला सांगा. बूट घाला, जे घालून चालवता तेच. चप्पल घालून घेतलेलं माप कामाचं नाही, कारण ऑफरोड बुटाचा तळ जाड आणि ताठ असतो. त्याने पायाची उंचीही बदलते आणि गिअर लिव्हरखाली पंजा जाईल की नाही हेही.

आता चवडा पेगवर ठेवून उभे राहा. गुडघे किंचित वाकलेले, मांड्या टाकीला टेकलेल्या, कंबरेतून थोडं पुढे आणि नजर समोर. हँडल धरा, मग बोटं उघडा आणि तळवे ग्रिपच्या वर बोटभर अंतरावर धरा. दहा सेकंद असंच राहता आलं तर तोल पेगवर आहे. पुढे पडायला लागलात तर तुम्ही रेलणारे, मागे गेलात तर लटकणारे.

मी पुढेही पडलो नाही आणि मागेही नाही, डावीकडे कललो. गाडी धरायला आलेल्या मित्राने खाली वाकून बघितलं आणि म्हणाला, "भाऊ, तुझा डावा पाय बाहेरच्या अंगाला उतरून राहिला."

झुकलेला पेग

फूटपेग, इकडचे मिस्तरी त्याला फूटरेस्टच म्हणतात, एका पिनवर दुमडतो. खाली आला की त्याचा आतला काठ ब्रॅकेटवरच्या टेकूला टेकतो आणि पेग आडवा राहतो. पिन झिजली, भोक अंड्यासारखं लांबट झालं किंवा टेकूची धातू दबली की पेगचं बाहेरचं टोक खाली लोंबतं. नुसतं बघून हे कळत नाही. दोन्ही पेगवर एक सरळ पट्टी आडवी ठेवून टोकाजवळची फट मोजा. माझ्या डाव्या पेगचं टोक 8 मिलीमीटर खाली होतं. पेगची लांबी 90 मिलीमीटर धरली तर हा उतार सुमारे 5 अंशांचा होतो.

पाच अंश ऐकायला किरकोळ वाटतात, पण त्याने घोटा बाहेर वळतो, गुडघा टाकीपासून सुटतो आणि कंबर डावीकडे खचते. आपण सरळ राहायला बघतो आणि ते डाव्या तळव्यावर जोर देऊन करतो. दोन तास त्या तळव्याखाली एकच नस दाबली जात होती. रायझर लावल्यावर आराम वाटला तो बैठक बदलल्यामुळे. शरीराला नवीन जागा सापडली, तिची सवय झाली आणि कल पुन्हा त्याच तळव्यावर आला. दर वेळी दोन-तीन आठवड्यांनी दुखणं परत का येत होतं, ते असं उलगडलं.

डावाच पेग झुकतो याला कारण आहे. गाडी साइड स्टँडवर असताना आपण डाव्या पेगवर पूर्ण वजन देऊन, घोड्यावर चढावं तसे चढतो. उंच सीटच्या गाडीवर तर सामान बांधलं की हमखास. त्यात आपली माती. पावसाळ्यात काळ्या मातीचा गोळा पेगच्या सांध्यात शिरतो आणि वाळून घट्ट बसतो. वर मुरमाची कच बसली की पिन आणि भोक पॉलिश पेपरने घासल्यासारखे झिजतात. मातीने स्प्रिंगही अडकते, मग दगडाला लागून वर दुमडलेला पेग परत खाली येत नाही. उतारावर पायाखाली पेग नसणं काय असतं ते एकदा पारशिवनीकडच्या नाल्यात अनुभवलंय. पुन्हा नको.

दुरुस्ती स्वस्त आहे. कॉटन मार्केटकडच्या एका लेथवाल्या काकांनी भोक गोल करून त्यात बुश, म्हणजे धातूची छोटी नळी, बसवला, नवीन पिन बनवली आणि पेगच्या टेकणाऱ्या काठावर वेल्डिंगचा एक थर देऊन तो कानशीने घासत घासत दोन्ही पेग एका रेषेत आणले. तिथे घाई करू नका. थर जास्त राहिला तर पेग वर चढतो आणि मग पाय आत घसरतो. पट्टी ठेवून दोन-तीनदा तपासायला लावा. वेल्डिंगआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, जमलं तर ब्रॅकेट आणि पेग गाडीवरून उतरवूनच न्या. आणि काही झालं तरी पेग कायमचा वेल्ड करून घेऊ नका. पडल्यावर तो दुमडलाच पाहिजे, नाहीतर पाय अडकतो किंवा ब्रॅकेट तुटतं.

आता मी दर धुण्यात सांध्यावर पाण्याचा झोत देतो, पिनला हलकं तेल लावतो आणि गाडीवर चढताना पेगवर उभा राहत नाही. पाय सीटवरून टाकतो.

पेग खाली घ्यायचा का

उंच माणसांचा हा ठरलेला प्रश्न. बसल्यावर गुडघा 90 अंशांपेक्षा बराच जास्त मुडपत असेल आणि तासाभरात वाटीखाली कळ येत असेल, तर पेग खाली घेतल्याने खरंच फरक पडतो. उभं राहिल्यावरही हँडल तेवढंच वर आल्यासारखं वाटतं, म्हणजे रायझरचं अर्धं काम इथेच होतं. कंपन्याही या मापांशी खेळतात. 2023 च्या एक्सपल्स 200 4 व्ही मध्ये हिरोने पेग आधीपेक्षा 35 मिलीमीटर खाली आणि 8 मिलीमीटर मागे नेले.

तोटाही तितकाच खरा. बैलगाडीच्या आणि ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या पडलेल्या पांदणीत गाडी चाकोरीत उतरली की पेग दोन्ही काठांना घासतात. जेवढे खाली घ्याल तेवढे लवकर घासतील. मी एकदा 20 मिलीमीटर खाली घेणारं ब्रॅकेट उसनं आणून लावलं आणि आठवड्याभरात काढलं. महामार्गावर बसून लांब जाणाऱ्याला ते सोयीचं, नाल्या-चाकोऱ्यांत फिरणाऱ्याला नाही. मला रुंद पेगने जास्त गुण आला. कंपनीच्या अरुंद पेगवर सगळा भार चवड्याच्या एका रेषेवर येतो, तर 55 ते 60 मिलीमीटर रुंदीच्या दातेरी पेगवर तो पसरतो. पेगवरचं रबर पावसाळ्यात काढून टाका, चिखलात ते साबणासारखं होतं. उन्हाळ्यात डांबरी रस्ताच जास्त असेल तर राहू द्या, पायाला येणारी झिणझिण ते थोपवतं.

पेगला हात लावला की मागचा ब्रेक आणि गिअर लिव्हर पुन्हा लावायचे, हे विसरायचं नाही. उभं असताना पंजा न उचलता ब्रेक लागला पाहिजे, आणि नुसता पाय ठेवल्याने लागता कामा नये. डिस्क ब्रेक असेल तर पुशरॉडचा नट सैल करून उंची बदलते, पण पेडलला पुस्तिकेत सांगितलेला मोकळेपणा ठेवा. तो संपवला तर पॅड सतत घासतात, ब्रेक ऑइल तापतं आणि उतारावर चाक जाम होऊ शकतं. ब्रेक लाइटचा स्विचही त्याच वेळी तपासा. गिअर लिव्हर दातेरी शाफ्टवर एक दात वर घेतला की बहुतेक बुटांना पुरतं.

आता हँडल

पाय जागेवर आले तेव्हाच हँडलला हात लावला, आणि पहिली गोष्ट लक्षात आली ती ही की 30 मिलीमीटरचे रायझर मला जास्त होत होते. त्यामागचा हिशेब सोपा आहे. रायझर सरळ वर जात नाही, तो स्टिअरिंगच्या तिरक्या रेषेत जातो. ती रेषा मागे 27 अंश कललेली धरली तर 30 मिलीमीटरचा रायझर हँडलला सुमारे 27 मिलीमीटर वर नेतो आणि जवळपास 14 मिलीमीटर तुमच्याकडे आणतो. उभं राहिल्यावर हँडल पोटाशी येतं, कोपरं बरगड्यांना चिकटतात आणि पुढच्या चाकावरचा भार कमी होतो. वाळूत किंवा सैल मुरमात मग पुढचं चाक भरकटतं. मी 20 वर आलो.

रायझर लावलेत तर केबलची परीक्षा त्याच दिवशी घ्या. इंजिन चालू ठेवून हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. आयडलचा, म्हणजे ॲक्सिलरेटर न देता चालणाऱ्या इंजिनचा, आवाज जराही वाढला तर ॲक्सिलरेटरची केबल ताणली जातेय. वळणावर गाडी आपोआप रेस होणं हे जिवावर बेतणारं आहे. पुढच्या ब्रेकचा पाइपही दोन्ही टोकांना सैल राहिला पाहिजे, आणि पुढचे शॉक पूर्ण सुटलेले असतानाही, म्हणजे चाक हवेत असताना. इथे अनेकजण चुकतात, कारण ते गाडी जमिनीवर असतानाच बघतात.

हँडल पुढे-मागे फिरवण्याची सुरुवात एकाच जागेवरून करा. गाडीकडे बाजूने बघा, हँडलचा वर जाणारा भाग पुढच्या शॉकच्या दांड्यांशी समांतर ठेवा. तिथून थोडं थोडं हलवा. थोडं म्हणजे खरंच थोडं. माझं हँडल 22.2 मिलीमीटर जाडीचं आहे, त्याच्या क्लॅम्पजवळ 1 मिलीमीटर फिरवलं की मूठ जवळजवळ 1 सेंटिमीटर सरकते. हलवण्याआधी क्लॅम्पच्या फटीजवळ नेलपॉलिशची बारीक रेघ मारून ठेवा. परतीची वाट राहते, आणि पुढे कधी हँडल आपोआप फिरलं तर तेही कळतं.

मागे फार फिरवलं तर मुठींची टोकं खाली झुकतात आणि मनगट बाहेरच्या अंगाला मुडपतं. पुढे फार नेलं तर बसल्यावर खांदे ओढले जातात. उभं असताना कोपरं थोडी बाहेर आणि थोडी वर, स्वतःहून तशी राहतात, ती जागा तुमची.

क्लॅम्प कसताना वरच्या टोपीवर बाण किंवा ठिपका असेल तर तो पुढे येतो. बऱ्याच गाड्यांत आधी पुढचे बोल्ट पूर्ण कसायचे आणि मग मागचे, फट फक्त मागे राहते. बोल्ट 8 मिलीमीटरचे असतील तर साधारण 20 ते 25 न्यूटन मीटर, पण तुमच्या गाडीच्या पुस्तिकेतला आकडा अंतिम माना आणि टॉर्क रेंच, म्हणजे जोर मोजून कसणारा पाना, वापरा. अंदाजाने कसताना ॲल्युमिनियमच्या चुड्या (आटे) जातात.

लिव्हर

इथे पाच मिनिटं लागतात आणि फायदा सगळ्यात जास्त. हँडल फिरवलं की लिव्हरही फिरतात आणि आपण ते तसेच सोडतो. उभं राहून बोटं सरळ करा. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत एक रेघ आली पाहिजे आणि लिव्हर त्या रेघेत. शोरूममधून येणारी गाडी बसणाऱ्यासाठी लावलेली असते, तिचे लिव्हर उभ्या माणसाला उंच पडतात. मी थोडे खाली घेतले आणि उजव्या हाताच्या तर्जनीतली झिणझिण त्याच फेरीत गेली. फार खाली नेलेत तर बसून चालवताना त्रास होईल, मधली जागा शोधा. लिव्हरचे क्लॅम्प आवळून कसू नका. गाडी पडली की लिव्हर फिरला पाहिजे, तुटता कामा नये. क्लॅम्पखाली नळाची पांढरी टेप एक-दोन वेढे गुंडाळली की हे छान जमतं.

कमी उंचीच्या माणसाचं काय

माझा एक मित्र कृषी सहायक आहे, उंची 5 फूट 4 इंच. रोज गावोगाव पांदणीने फिरतो. माझं बघून त्यानेही रायझर लावले आणि त्याचे खांदे धरले. त्याची गरज उलटी होती. रायझर काढले, हँडल समांतर रेषेपेक्षा किंचित मागे घेतलं, लिव्हरची पोच स्क्रूने जवळ आणली. त्याच्या पेगला हातही लावला नाही. दुसऱ्याची मापं स्वतःच्या गाडीवर चढवू नका, वरची तळवे उचलण्याची परीक्षा स्वतः द्या.

परत येऊ नये म्हणून

गाडी पडली की हँडल वाकडं दिसतं आणि आपण नवं हँडल मागवतो. बऱ्याचदा हँडल सरळच असतं, पुढचे शॉक टी-मध्ये, म्हणजे त्यांना धरून ठेवणाऱ्या क्लॅम्पमध्ये, पिळलेले असतात. पुढचा एक्सल आणि खालच्या टी-चे बोल्ट सैल करून, चाक गुडघ्यांत धरून हँडल सरळ करा, शॉक दोन-चारदा दाबा आणि मग पुन्हा कसा. पिळलेल्या शॉकवर एक हात पुढे आणि एक मागे राहतो, आणि एका बाजूचं दुखणं तिथूनही सुरू होतं. कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, सैल किंवा जाम असेल तरी हात विनाकारण थकतात. चाक उचलून हँडल हळू फिरवा, मध्यभागी अडकल्यासारखं वाटलं तर कोनसेट बदला.

माझी पट्टी आता टूलकिटमध्येच असते. दर महिन्याला पेगची फट मोजतो आणि नेलपॉलिशची रेघ बघतो. वेल्डिंगला पाच महिने झाले, पावसाळा पूर्ण गेला, फट 1 मिलीमीटरच्या आत आहे. डावी करंगळी जागी असते.

गाडी नीट लावूनही बोटं रात्री झोपेत सुन्न पडत असतील, किंवा शर्टाचं बटण लावताना पकड कमी वाटत असेल, तर पाना खाली ठेवून डॉक्टरकडे जा. नस जास्त काळ दबलेली राहिली तर ती भरून यायला फार वेळ घेते.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. जबलपूर रोडवर देवलापारकडे जाताना ताशी 80 च्या वर गेलं की दोन्ही तळव्यांत बारीक झिणझिण येते. दोन्हीकडे सारखी आहे आणि त्या वेगावरच येते, म्हणून ती बैठकीची नाही, इंजिनच्या कंपनांची वाटते. हँडलच्या टोकांना जड वजनं बसवली आहेत. पुढच्या रविवारी रामटेकपर्यंत जाऊन बघतो.